जमीन कुणाची? ऑस्ट्रेलियातील इंग्रज वसाहतीची पहिली पन्नास वर्षे

आपल्याकडे जमिनीचा तंटा निघाला, की पहिला प्रश्न येतो तो वहिवाटीचा. बांध कुणी घातला, विहीर कुणी खणली, बापजाद्यांपासून त्या रानात कुणाची गुरे चरत आली, हे गावातल्या चार जुन्या माणसांना विचारले जाते. आज मी तुम्हांला अशा एका जमिनीची हकिगत सांगणार आहे, की जी आपल्या साऱ्या भारताच्या दुपटीहून मोठी आहे. ही जमीन कुणाचीच नाही, असे एके दिवशी गृहीत धरले गेले. गृहीत धरणारे तिथे राहत नव्हते. आणि जे तिथे राहत होते, त्यांना कुणी विचारले नाही.

ही जमीन म्हणजे ऑस्ट्रेलिया. काळ १७८८ ते १८३८. याच पन्नास वर्षांत फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, नेपोलियन उदयाला आला आणि अस्ताला गेला, आपल्याकडे १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पाठ्यपुस्तकात ही प्रकरणे वेगवेगळी असतात. पण कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा ओढला, की पलीकडची गाठ हलते, तसेच हे आहे. शिक्षक बंधुभगिनींना विनंती अशी, की जगाचा नकाशा समोर ठेवून हे भाषण वाचावे. बोट लंडनवर ठेवावे आणि तिथून ते हळूहळू सरकवावे.

तर लंडनमध्ये काय चालले होते? अठराव्या शतकात इंग्लंडचा कायदा गरिबावर फार कठोर होता. मेंढी चोरली, दुकानातून कापडाचा तुकडा उचलला, एवढ्यासाठी माणसाला काळ्या पाण्याची शिक्षा होई. हे कैदी अमेरिकेत मेरिलंड, व्हर्जिनियाकडे पाठवीत आणि तिथले जमीनदार त्यांना राबवून घेत. १७७६ मध्ये अमेरिकेने स्वातंत्र्य पुकारले आणि ते दार बंद झाले. तुरुंग भरले. मग टेम्स नदीत जुनी, निकामी जहाजे नांगरून त्यांत कैदी कोंडू लागले. तीही भरली. आता हे लोक पाठवायचे कुठे?

तेव्हा सरकारला कॅप्टन कुकची आठवण झाली. १७७० मध्ये कुकने ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा पाहिला होता आणि एका लहानशा बेटावर निशाण रोवून तो सारा किनारा इंग्लंडच्या राजाच्या नावे केला होता. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथल्या लोकांच्या संमतीने सोयीच्या जागा ताब्यात घ्याव्यात, अशी कुकला लेखी सूचना होती. संमती घेतली गेली नाही. निशाण मात्र लागले.

१७८७ च्या मे महिन्यात अकरा जहाजे इंग्लंडहून निघाली. त्यांत सातशेहून अधिक कैदी होते. स्त्रिया होत्या, मुलेही होती. आठ महिन्यांच्या प्रवासानंतर ही मंडळी सिडनीच्या खाडीत उतरली, ती तारीख होती २६ जानेवारी १७८८. होय, २६ जानेवारीच! आपण ज्या तारखेला प्रजासत्ताक दिन साजरा करतो, तीच.

आता त्या खाडीच्या काठी कोण राहत होते ते पाहू. तिथे गदिगल लोकांची वस्ती होती आणि पलीकडे धारुग लोकांचा मुलूख होता. त्या खंडात माणसाची वस्ती पन्नास हजार वर्षांहून जुनी आहे, असे आजचे संशोधक सांगतात. हे लोक नांगर धरीत नव्हते. पण म्हणून ते जमिनीची मशागत करीत नव्हते असे नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी ते गवत जाळीत. त्यावर कोवळे हिरवे गवत फुटे आणि कांगारू चरायला येत, की शिकार सोपी होई. कोणते कंद कधी खणायचे, किती ठेवायचे, मासे कुठे धरायचे, कोणत्या ओढ्यापर्यंत आपली हद्द आणि कुठून शेजाऱ्याची, हे लहान मुलालाही ठाऊक असे. इंग्रजांच्या डोळ्यांना मात्र कुंपण दिसले नाही, नांगराचे तास दिसले नाही. बांध दिसला नाही, म्हणून मालक नाही, असा त्यांनी हिशेब केला.

वर्षभरातच, १७८९ मध्ये, देवीची साथ आली. सिडनीच्या आसपासचे निम्मे मूळ रहिवासी त्यात गेले, असा पहिला गव्हर्नर फिलिप याचा अंदाज होता. ज्या घरातली निम्मी माणसे गेली, ते घर हक्कासाठी कसे भांडणार?

नव्या वस्तीलाही सुरुवातीला सुख नव्हते. जमीन नवी, हवा नवी, शेतीची माहिती असलेले हात थोडे. गहू पिकेना. १७९० मध्ये शिधा इतका कमी झाला, की उपासमारीची वेळ आली. मग अन्न आणायला जहाज कुठे पाठवले, ठाऊक आहे? कलकत्त्याला! १७९२ मध्ये ते जहाज परत आले, तेव्हा त्यात तांदूळ होता, रवा होता आणि डाळ होती. सिडनीच्या कोठाराच्या जुन्या इंग्रजी नोंदींत डाळ आणि सुजी हे आपले शब्द तसेच उतरले आहेत. जगाच्या त्या टोकाला इंग्रजांची वस्ती तगली, त्यात हिंदुस्थानच्या शेतकऱ्याच्या धान्याचाही वाटा होता.

आता बोट पॅरिसकडे न्या. १७९३ पासून इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध जुंपले. मधला थोडा विसावा सोडला, तर ते १८१५ पर्यंत चालले. १८०२ मध्ये बोदँ नावाचा फ्रेंच कप्तान ऑस्ट्रेलियाचे किनारे मोजीत फिरत होता. तो शास्त्रज्ञ बरोबर घेऊन आला होता. पण सिडनीच्या गव्हर्नरला धास्ती वाटली, की हे लोक दक्षिणेच्या टास्मानिया बेटावर निशाण लावतील. म्हणून १८०३ च्या सप्टेंबरात त्याने घाईघाईने थोडी माणसे पाठवून त्या बेटावर इंग्रजी वस्ती घातली. आणि त्याच सप्टेंबर महिन्याच्या २३ तारखेला आपल्याकडे असईच्या मैदानात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली लढत होता. याच वेलस्लीने पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. असई, टास्मानिया आणि वॉटर्लू या एकाच कहाणीतल्या जागा आहेत. इंग्लंडात त्या वेळी युद्धखाते आणि वसाहतखाते एकाच मंत्र्याकडे असे, हेही यासाठी लक्षात ठेवावे.

१८१० मध्ये सिडनीला नवा गव्हर्नर कामावर रुजू झाला. त्याचे नाव लॅकलन मॅकवारी. याच्या आयुष्यातली बरीच वर्षे आपल्या मुंबईत गेली होती. १७८८ मध्ये तो पलटणीबरोबर मुंबईला आला. टिपूवरच्या मोहिमांत तो श्रीरंगपट्टणला होता. १७९३ मध्ये त्याचे लग्न मुंबईत झाले. त्याची पहिली पत्नी जेन जार्व्हिस मकाव येथे वारली, तेव्हा तिचे शव त्याने मुंबईला आणून पुरले. १७९५ मध्ये कोचीनला त्याने दोन लहान मुले गुलाम म्हणून विकत घेतली होती. त्यांपैकी एकाचे नाव त्याने जॉर्ज जार्व्हिस ठेवले. तो मालकाच्या अखेरपर्यंत त्याच्या चाकरीत राहिला.

मॅकवारीचा कारभार समजून घेण्यासारखा आहे. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला पुन्हा समाजात मान मिळाला पाहिजे, असे त्याचे मत होते. अशा लोकांना तो आपल्या पंगतीला बोलावी. त्यामुळे बडे जमीनदार रुसत. पण त्याने पर्वा केली नाही. खोट्या दस्तऐवजासाठी शिक्षा झालेल्या ग्रीनवे नावाच्या कैद्याकडून त्याने सिडनीच्या उत्तम इमारती बांधून घेतल्या.

त्याच्या नाण्याची गोष्ट तर मुलांना जरूर सांगावी. वसाहतीत नाणे टिकत नसे. व्यापारी ते जहाजातून बाहेर नेत. १८१२ मध्ये मद्रासहून चाळीस हजार स्पॅनिश डॉलर सिडनीला आले. मॅकवारीने प्रत्येक नाण्याच्या मध्यभागी भोक पाडविले. बाहेरचे कडे पाच शिलिंगांना आणि आतली चकती पंधरा पेन्सांना, अशी एका नाण्याची दोन नाणी झाली. भोक पडलेले नाणे परदेशी कोण घेणार? ते गावातच फिरू लागले. हे काम करणारा कारागीर कोण होता? खोट्या नाण्यांच्या गुन्ह्यात काळ्या पाण्यावर आलेला कैदी! छाप स्पेनच्या राजाचा, माल मद्रासहून आलेला, कारागीर इंग्रज कैदी आणि चलन ऑस्ट्रेलियाचे. त्या काळचे जग कसे एकमेकांत गुंतले होते, ते या एका नाण्यावरून कळते.

एवढे होऊनही १८१३ पर्यंत वसाहत समुद्रकाठच्या एका पट्टीतच होती. मागे निळे डोंगर उभे होते. मग ती पसरली कशी? त्याचे उत्तर एका शब्दात आहे: लोकर.

उत्तम, मऊ लोकर देणारी मेरिनो मेंढी मूळची स्पेनची. इंग्लंडच्या गिरण्यांना ती लोकर लागे. १८०८ मध्ये नेपोलियनचे सैन्य स्पेनमध्ये घुसले, युद्ध पेटले, कळप उधळले गेले आणि लोकरीचा पुरवठा बिघडला. इकडे केपहून १७९७ मध्येच काही मेरिनो मेंढ्या सिडनीला आल्या होत्या. जॉन मॅकार्थर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८०३ मध्ये तिथल्या लोकरीचे नमुने लंडनला दाखविले आणि पाच हजार एकर जमिनीचे वचन मिळविले. नाव त्याचे झाले. पण तो अनेक वर्षे इंग्लंडात अडकला असताना कळप राखला आणि वाढविला, तो त्याची पत्नी एलिझाबेथ हिने.

लोकरच का? आपल्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. इंग्लंडला माल पोहोचायला कित्येक महिने लागत. धान्याला कीड लागते, मांस सडते. लोकर सडत नाही, आणि वजनाच्या मानाने तिला किंमत चांगली येते. मेंढी बंदराच्या वाटेवर आपल्या पायांनी चालते. एक मेंढपाळ मोठा कळप राखतो, आणि मेंढपाळ म्हणून सरकार कैदी देत होतेच. त्याला मजुरी नाही, फक्त अन्नवस्त्र. या धंद्याला एकच गोष्ट अमाप लागते. ती म्हणजे गवताची जमीन.

१८१३ मध्ये दुष्काळाने चारा आटला, तेव्हा तिघा जणांनी निळ्या डोंगरांतून वाट काढली. पुढे कॉक्स नावाच्या अधिकाऱ्याने तीस कैद्यांकडून सहा महिन्यांत शंभर मैलांचा रस्ता करून घेतला. १८१५ च्या मे महिन्यात डोंगरापलीकडे बॅथर्स्ट गाव वसले. लॉर्ड बॅथर्स्ट हे त्या युद्ध आणि वसाहतमंत्र्याचे नाव. पुढच्याच महिन्यात, १८ जूनला, वॉटर्लूची लढाई झाली.

युद्ध संपले, की सुख येते असे आपल्याला वाटते. इंग्लंडात तसे झाले नाही. सैनिक पलटणींतून सुटून घरी आले, त्यांना काम नव्हते. १८१५ मध्ये परदेशी धान्याची आयात रोखणारा कायदा झाला, त्याने भाकरी महागली. त्यात आणखी एक नवल घडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियातील तांबोरा हा ज्वालामुखी फुटला. त्याचा धूर आकाशात इतका उंच गेला, की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा नीट पडलाच नाही आणि पिके बुडाली. पोटाची आग वाढली, तशी चोरी वाढली. चोरी वाढली, तशी कैद्यांची जहाजेही वाढली. १८६८ पर्यंत एकूण सुमारे एक लाख बासष्ट हजार कैदी ऑस्ट्रेलियाला गेले. त्यांतले बहुतेक १८१५ नंतरचे.

म्हणजे पाहा, जगातल्या या साऱ्या घटनांचा लोंढा अखेर कुठे जाऊन आदळला? ज्यांनी नेपोलियनचे नावही ऐकले नव्हते, अशा लोकांच्या चराऊ रानावर.

मॅकवारीला आपण दयाळू म्हटले. पण ती दया कैद्यांपुरती होती. जमिनीवरून चकमकी वाढल्या, तेव्हा १८१६ मध्ये त्याने मूळ रहिवाशांवर शिपाई पाठविले. त्या वर्षी १७ एप्रिलला अॅपिनजवळ रात्रीच्या अंधारात किमान चौदा माणसे मारली गेली. त्यांत बायका आणि मुलेही होती.

याच मॅकवारीने १८१४ मध्ये पॅरामाटा येथे मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी शाळा काढली. शिक्षकांनी इथे विचार करावा. शाळा चांगली गोष्ट. पण या शाळेत मूल घातले, की आईबापांना ते वर्षातून एकदा, मेजवानीच्या दिवशी भेटे. मुलांना अक्षर द्यायचे आणि आईची भाषा सोडवायची, असा तो सौदा होता. तरीही त्या शाळेतली मराया नावाची धारुग मुलगी १८१९ च्या परीक्षेत गोऱ्या मुलांनाही मागे टाकून पहिली आली. पुढे तिने त्या अक्षराचे काय केले? १८३१ मध्ये तिने गव्हर्नरकडे अर्ज केला, की माझ्या मयत भावाला सरकारने दिलेली जमीन मला मिळावी. बापजाद्यांच्या मुलखातला तीस एकरांचा तुकडा, आणि तोही अर्ज करून मागायचा! तो तुकडा तिला १८४३ मध्ये मिळाला. अर्जाला बारा वर्षे लागली. आपल्यापैकी ज्यांनी कचेरीचे खेटे घातले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

बॅथर्स्टच्या मैदानावर विराजुरी लोक राहत. मेंढ्या आल्या, तशी त्यांची कंदांची आणि शिकारीची राने गेली. त्यांनी हत्यार उचलले. त्यांचा पुढारी विंड्राडाइन. १८२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारने तिथे लष्करी कायदा पुकारला. अनेक विराजुरी मारले गेले. डिसेंबरच्या अखेरीस विंड्राडाइन आपल्या लोकांसह डोंगर ओलांडून उघडपणे पॅरामाटाला गव्हर्नरच्या मेजवानीला आला आणि लढा थांबला. जमीन काही परत मिळाली नाही.

१८२८ च्या मोजणीत वसाहतीत माणसे सुमारे छत्तीस हजार आणि मेंढ्या पाच लाखांवर होत्या. त्या मोजणीत मूळ रहिवासी धरलेच नव्हते. सरकारने आखलेल्या सीमेबाहेर मेंढ्या हाकून लोक वाटेल तिथे तळ ठोकीत. १८३६ मध्ये सरकारने ठरविले, की वर्षाला दहा पौंड भरा आणि चारा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा! दक्षिणेला पोर्ट फिलिपकडे मर्नाँग नावाचा पिवळ्या फुलांचा कंद हे तिथल्या बायकांचे रोजचे अन्न होते. मेंढ्यांनी तो मुळापासून खाल्ला. सुपीक रानात माणसे उपाशी राहू लागली.

१८३५ मध्ये जॉन बॅटमन याने त्या भागात सहा लाख एकर जमीन तिथल्या वृद्धांकडून घेतल्याचा करारनामा केला. मोबदल्यात घोंगड्या, सुऱ्या, आरसे असे सामान दिले. सौदा लबाडीचाच होता. पण गव्हर्नर बोर्क याने तो रद्द केला, तो लबाडीसाठी नव्हे. जमीन राजाची आहे, त्या लोकांना ती विकण्याचा अधिकारच नाही, असे त्याचे म्हणणे होते. वहिवाट पन्नास हजार वर्षांची, आणि अधिकार मात्र नाही!

१० जून १८३८ रोजी मायल क्रीक या ठिकाणी सुमारे अठ्ठावीस मूळ रहिवाशांची कत्तल झाली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. त्यांच्या बाजूने त्यांच्यातला कुणी कोर्टात बोलू शकत नव्हता. कारण ख्रिस्ती शपथ घेता येत नसल्याने त्यांची साक्ष चालत नसे. तेव्हा अँडरसन नावाच्या एका कैदी चाकराने, आपल्याच लोकांचा रोष पत्करून, पाहिले ते खरे सांगितले. त्या साक्षीमुळे सात मारेकऱ्यांना फाशी झाली. वसाहतीत यावरून मोठी ओरड झाली. पण खरे बोलायला मोठे पद लागत नाही, हे त्या कैद्याने दाखवून दिले.

श्रोतेहो, जमिनीचा मूळ प्रश्न पुढे दीडशे वर्षे तसाच राहिला. मग उत्तरेच्या मेर बेटावरील एडी माबो आणि त्याच्या सोबत्यांनी दावा लावला. आमच्या बेटावर पिढ्यान् पिढ्या आमचे मळे आहेत, त्यांच्या हद्दी आम्हांला ठाऊक आहेत, ही जमीन आमची आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की इंग्रज येण्यापूर्वी ही भूमी निवारशी नव्हती; मूळ रहिवाशांचा हक्क कायद्याला मान्य आहे. निकाल ऐकायला माबो नव्हता. तो त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. त्या निकालाने सारी जमीन परत आली नाही; ज्यांच्याकडे ती पक्क्या खरेदीने गेली होती, त्यांच्याकडेच राहिली. पण वहिवाटीला साक्षीचे मोल आले.

आजही २६ जानेवारी हा तिथे राष्ट्रीय दिवस आहे. कित्येक लोक त्या दिवशी आनंद करतात. आणि मूळ रहिवाशांपैकी अनेकजण त्याला आक्रमणाचा दिवस म्हणून शोक पाळतात. शिक्षकांनी मुलांना हा फरक जरूर सांगावा आणि फळ्यावर एक प्रश्न लिहावा: जमीन कुणाची, हे ठरविताना कुणाला विचारायला हवे होते? मुले आपापल्या घरी वडीलधाऱ्यांपाशी बसून याचे उत्तर शोधतील, आणि ते उत्तर फक्त ऑस्ट्रेलियापुरते राहणार नाही.